उत्तर: गप्पी ओळखण्याची खूण

नराच्या गुदपक्षाची (पोटाखालच्या मागच्या पराची) मीलनासाठी झालेली दांडी दिसली की मासा गप्पीच्या कुळातला समजावा, असं म्हटलं जातं. एवढ्यावर ठरवू नका. आपल्याच पश्चिम किनाऱ्यावरच्या होराइक्थिस या छोट्या माशाच्या नरालाही अशी दांडी असते. गप्पीत ती तिसऱ्या ते पाचव्या अरांची (पराला आधार देणाऱ्या काड्यांची), होराइक्थिसमध्ये पहिल्या सहा अरांची. आणि होराइक्थिसची मादी अंडी घालते, गप्पीसारखी पिल्लं नाही!

खरी गंमत होराइक्थिसच्या मादीत आहे. पोटाखालून भिंगाने पाहा: डावा श्रोणिपक्ष (पोटाखालच्या जोडीतला पर) असतो, उजवा नसतोच. नर शुक्राणूंची काटेरी कुपी नेमकी जननछिद्राजवळ रुतवतो. मत्स्यशास्त्रज्ञ डॉ. कुलकर्णींनी १९४० मध्ये हे इतकं बारकाईने मांडलं, याचा मला फार अभिमान वाटतो. हल्ली होराइक्थिसला ओरायझियस या प्रजातीत (genus) धरतात. जेमतेम इंचभर, पारदर्शक मासा. नमुना उजेडासमोर धरूनच तपासा.