पोत्सुओली गाळा म्हणणाऱ्यांना

शिलालेख:
नेपल्सला चार दिवस जाणाऱ्या एका सभासदाला काल इथे सल्ला मिळाला: "पॉम्पेई केलंत की पोत्सुओलीत काय उरतं? भर गावात तीन खांब, सडक्या अंड्यांचा वास, वर जमीन हलतेय. तो दिवस काप्रीला द्या." खाली 'सहमत, सहमत' म्हणणाऱ्यांची रांग. म्हणून नेपल्सच्या पश्चिमेला, ज्वालामुखीच्या मुलखावर वसलेल्या या बंदरगावाचा हा धागा. लांबेल, इलाज नाही.

आधी ते तीन खांब. तो रोमन बाजार, मॅसेलम. 1750 मध्ये खणताना सेरापिस या ग्रीक-इजिप्ती देवाची मूर्ती मिळाली, म्हणून देऊळ ठरवून टाकलं, आणि गावात आजही सेरापिओ म्हणूनच विचारावं लागतं. खांब खालून वर बघा. साधारण साडेतीन मीटरपर्यंत गुळगुळीत, त्यावर पावणेतीन मीटरच्या पट्ट्यात नुसती चाळण, त्याच्या वर पुन्हा धड दगड. ती भोकं दगड पोखरणाऱ्या समुद्री शिंपल्यांची आहेत. म्हणजे खांब उभे असतानाच जमीन इतकी खचली की पाणी सहा मीटरच्या वर चढलं. खालचा भाग गाळात पुरलेला होता म्हणून वाचला. नंतर तीच जमीन वर आली. भूशास्त्रज्ञ चार्ल्स लायेलने 1830 मध्ये आपल्या भूशास्त्राच्या ग्रंथाला मुखचित्र म्हणून हेच खांब निवडले. पॉम्पेईत हे कुठे दाखवता?

आता जायचं कसं. बहुतेक जण मॉन्तेसांतोहून कुमाना रेल्वे धरतात, बंदराजवळ उतरतात आणि भर उन्हात चढ चढतात. उलटं करा. मेट्रोच्या लाईन 2 ने 'पोत्सुओली सोल्फातारा' स्टेशनला उतरा, ते वरच्या अंगाला आहे. तिथून दहा मिनिटांवर फ्लेवियन ॲम्फीथिएटर. ते बघून उतारानं सेरापिओ, मग बंदर, मग रिओने तेर्रा हा जुन्या गावाचा भाग, आणि परतीला खालून कुमाना. मात्र दोन्ही गाड्या वेगवेगळ्या कंपन्यांच्या. एकीचं साधं तिकीट दुसरीत चालत नाही. एकत्र तिकीट मागून घ्या आणि मशीनमध्ये छापून घ्यायला विसरू नका, तपासनीस ऐकत नाही.

सेरापिओत आत फिरता येत नाही, पण रस्त्याच्या कठड्यावरून सगळं दिसतं, तेही फुकट. रिओने तेर्राची भुयारी रोमन गल्ली आधी नोंदणी करूनच.

सावध पाऊल:
माहिती छान, पण मूळ मुद्द्याला बगल. जमीन हलते हे खोटं आहे का? 20 मे 2024 ला 4.4 तीव्रतेचा भूकंप. मार्च 2025 मध्ये 4.6. 30 जून 2025 ला पुन्हा 4.6. आणि ही कंपनं दोन-तीन किलोमीटर खोलीवर होतात, म्हणून आकडा लहान दिसला तरी घराला बसणारा हिसका मोठा असतो. मोठ्या धक्क्यानंतर रुळांची तपासणी होईपर्यंत लाईन 2 आणि कुमाना दोन्ही थांबवतात. संध्याकाळी नेपल्सहून विमान असेल तर काय कराल? वास्तूही बंद ठेवतात. म्हातारे आईवडील घेऊन निघालेल्या माणसाला तुम्ही शिंपले दाखवताय.

शिलालेख:
सावध पाऊल, गावात पाऊण लाखाच्या आसपास जीव अजूनही राहतो. ज्वालामुखीचा पिवळा इशारा 2012 पासून आहे. ज्वालामुखी वेधशाळा दर मंगळवारी पत्रक काढते, त्यात आठवड्यातली कंपनं आणि जमीन उचलली जाण्याचा वेग दिलेला असतो. ते वाचा आणि ठरवा. विमानाच्या दिवशी जाऊ नये, हे मात्र मान्य, पण ते कुठल्याही गावाला लागू आहे.

सावध पाऊल:
"लोक राहतात" हा पुरावा नव्हे. लोकांना राहावंच लागतं. 2 मार्च 1970 ला रिओने तेर्रा लष्कर आणून रिकामं केलं, 1983-84 मध्ये चाळीसेक हजारांना हलवून मॉन्तेरुशेल्लो नावाची वसाहत उभी करावी लागली. हौसेनं गेलं नाही कुणी. पर्यटकाला पर्याय असतो.

उंटावरचा शहाणा:
दोघांनाही बाजूला ठेवून मला टूरवाल्यांवर बोलायचंय. अजूनही मराठी सहलींच्या पत्रकात "सोल्फातारा ज्वालामुखीची सैर" छापतात! अहो, ते विवर सप्टेंबर 2017 पासून बंद आहे. एकाच कुटुंबातले तिघे खड्ड्यात पडून गेले तेव्हापासून. मग बस गेटसमोर उभी करतात, "वास घ्या" म्हणतात, आणि पुढच्या थांब्यावर पिझ्झा. वर "जैन जेवणाची सोय". एवढ्या पैशात ॲम्फीथिएटरच्या भुयारात तास घालवता आला असता, पण चाळीस माणसं मोजून आत-बाहेर करायला वेळ लागतो ना!

रानवाट:
+1. आणि भुयाराचं कुणीच नीट सांगत नाहीये. वरचा रिंगण भाग बघून लोक परततात, उन्हात सावली नाही म्हणून. खरी गोष्ट खाली आहे. रिंगणाच्या फरशीत कडेकडेने चौकोनी तोंडं आणि मधोमध लांब खाच. त्यातून पिंजरे आणि देखावे वर चढवायचे. खालचे बोळ, कमानी, विटांचं काम इतकं शाबूत फार थोड्या ठिकाणी उरलंय, कारण गाडलं गेलं होतं. कोलोसियममध्ये साध्या तिकिटावर वरून डोकावायला मिळतं, इथे त्या यंत्रणेतून चालता. मोठ्या धक्क्यानंतर भुयार बंद ठेवू शकतात, तेव्हा तिकीट काढण्याआधी खिडकीवर विचारा. आणि "इटलीतलं तिसरं मोठं" हे पत्रकातलं वाक्य जपून वापरा. हे सुमारे 149 बाय 116 मीटर, व्हेरोनाचं त्याहून थोडं मोठं भरतं.

खडूस आजोबा:
पॉम्पेईत एक गोष्ट आहे जी तुमच्या पोत्सुओलीत नाही. लक्ष्मी! हस्तिदंताची मूर्ती, आपल्या भोकरदनची. मराठी माणसाने नेपल्सला जाऊन ती नाही बघितली तर काय बघितलं? शिंपले?

शिलालेख:
आजोबा, ती पॉम्पेईत नाही, नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात असते. पॉम्पेईत नुसतं रिकामं घर आहे.

आणि ती पॉम्पेईला पोचली कशी? भारताचा माल तांबड्या समुद्रावर बेरेनिके किंवा म्यूस होर्मोसला उतरायचा, उंटांवरून कोप्टोसला, नाईलमधून अलेक्झांड्रियाला, आणि तिथून जहाजं सरळ पोत्सुओलीला. ओस्तियाजवळची मोठी बंदरं उभी राहीपर्यंत रोमचा पूर्वेकडचा दरवाजा हाच. अलेक्झांड्रियाची जहाजं दिसली की सगळं गाव धक्क्यावर गोळा व्हायचं, हे रोमन लेखक सेनेकाने लिहून ठेवलंय. त्या मूर्तीसाठी जाताय ना, मग ती बहुधा ज्या धक्क्यावर उतरली तो सोडून कसं चालेल?

प्राकृत पंडित:
थांबा. "भोकरदनची" हे कुणी ठरवलं? आणि "लक्ष्मी"?

मूर्ती ऑक्टोबर 1938 मध्ये मिळाली, उंची 25 सेंटीमीटरच्या आत-बाहेर. ना कमळ, ना हत्ती. दोन्ही बाजूंना प्रसाधनाची भांडी घेतलेल्या दोन लहान दासी. सांचीवर लक्ष्मी कशी कोरतात ते बघा, कमळावर, वरून हत्ती पाणी घालताहेत. ही यक्षी असावी किंवा नुसती शृंगार करणारी स्त्री. डोक्यावरून खाली भोक आहे, म्हणजे कशाला तरी बसवलेली, आसनाचा किंवा तिवईचा भाग. पूजेची मूर्ती अशी भोकं पाडून कुणी करत नाही.

खडूस आजोबा:
भोकरदनला 1973 च्या उत्खननात अगदी तशीच हस्तिदंताची बाई निघाली, दोन बाजूंना दोन दासी. तेरच्या लामतुरे संग्रहालयातही हस्तिदंताची बाई आहे. आणखी काय पुरावा पाहिजे, बिल?

प्राकृत पंडित:
पुरावा असा की पॉम्पेईच्या मूर्तीवर खरोष्ठी अक्षर खोदलंय. खरोष्ठी वायव्येची लिपी. सातवाहनांच्या मुलखात ब्राह्मी चालायची. शिवाय अफगाणिस्तानात बेग्रामला हस्तिदंताचा ढीगच सापडलाय. मध्य भारताचा दावाही मजबूत आहे: सांचीच्या दक्षिण तोरणावर विदिशेच्या हस्तिदंत कारागिरांनी काम केल्याचा लेखच आहे. भोकरदन हा शक्यतांपैकी एक. तुम्ही निकाल देऊन मोकळे.

रानवाट:
खरोष्ठी अक्षरावरून मूर्ती तिथे घडली असं सिद्ध होत नाही, पंडित. जुळणीसाठी किंवा मालाची खूण म्हणून नंतर कुणीही कोरू शकतो. भडोचला वायव्येचे व्यापारी भरपूर होते. पेरिप्लस या जुन्या ग्रीक सागरी मार्गदर्शिकेत सरळ दिलंय: भडोचहून दक्षिणेला वीस दिवसांवर पैठण, तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तेर, आणि दोन्हीकडचा माल गाड्यांतून भडोचला. भोकरदन त्याच पट्ट्यात. दख्खनमध्ये घडली, भडोचला खूण झाली, जहाजावर चढली, यात अशक्य काय?

प्राकृत पंडित:
अशक्य काहीच नाही. म्हणूनच "आपली लक्ष्मी" म्हणून गळा काढू नका म्हणतोय.

खडूस आजोबा:
गळा काढतो कोण? चार बुकं वाचली की मराठी माणसाला मराठी मातीची लाज वाटायला लागते, हा अनुभव जुना आहे. कोल्हापूरला ब्रह्मपुरीत पोसायडनची कांस्यमूर्ती निघाली, ती "रोमन" म्हणताना कुणाला पुरावा मागावासा वाटत नाही. तिकडून इकडे आलं की खात्रीचं, इकडून तिकडे गेलं की "शक्यतांपैकी एक"!

प्राकृत पंडित:
लाजेचा प्रश्न कुठून आला? पोसायडनच्या घडणीला तिकडे ढिगाने जोड सापडते, म्हणून खात्री. इथे जोड तीन ठिकाणी सापडते, म्हणून शंका. एवढंही कळत नसेल तर चर्चा कशाला करायची.

उंटावरचा शहाणा:
पॉपकॉर्न संपले. कृपया एकमेकांची बुकं काढू नका. आजोबा, आधी भोकरदनला किती जण गेलेत ते विचारा. तेरला जायला धाराशिवहून एसटी आहे, नेपल्सइतकं लांब नाही.

सावध पाऊल:
धागा पोत्सुओलीचा होता, आठवण करून देते. बंदराबद्दल कुणी बोललंच नाही. जमीन वर आल्यामुळे जुन्या गोदीत पाणीच उरलेलं नाही, छोट्या होड्या चिखलात बसल्यात. प्रोचिदा, इस्कियाच्या फेरीसाठी पोत्सुओली धरणाऱ्यांनी आदल्या दिवशी फेरी सुटतेय का बघावं. आणि ते पाण्यात प्रतिबिंब पडलेल्या तीन खांबांचे फोटो? जुने. जमीन उचलली गेल्यावर सेरापिओची फरशी कोरडी पडलीय. मोठा पाऊस झाला तर डबकं दिसेल.

शिलालेख:
बंदराचं बरोबर, माझ्याकडून राहिलं. पण जे बघायला माणसं यावीत तेच तुम्ही तक्रार म्हणून मांडताय! दोन हजार वर्षं वरखाली होणारा किनारा, आणि गोदी कोरडी पडलेली डोळ्यांनी दिसते. याच किनाऱ्याची दुसरी बाजू बाइयात आहे. तिथे उलट, रोमन बंगले पाण्याखाली. पुंता एपिताफिओजवळ सम्राट क्लॉडियसचं भोजनगृह साधारण पाच मीटर खोलीवर आहे. पाण्यात दिसणारे पुतळे नकला आहेत, अस्सल बाइयाच्या किल्ल्यातल्या संग्रहालयात. पोहता येत नसेल तर काचेच्या तळाची होडी मिळते. पाऊस किंवा दक्षिणेचा वारा येऊन गेला असेल तर त्या दिवशी पैसे घालू नका, गढूळ पाण्यात हिरवं सोडून काही दिसत नाही. डुबकी मारायची तर परवाना असलेल्या केंद्राबरोबरच, आणि खालचा एक खडाही उचलायचा नाही.

रानवाट:
अवांतर पण उपयोगी: बाइयाच्या जमिनीवरच्या भागात "मर्क्युरीचं देऊळ" सोडू नका. देऊळ नव्हे, स्नानगृह आहे. साडेएकवीस मीटर व्यासाचा काँक्रीटचा घुमट, पँथिऑनच्या आधीचा. कुमानाने लुक्रिनो किंवा फुझारोला उतरून पुढे बस. बसच्या वेळेवर विश्वास ठेवू नका.

प्राकृत पंडित:
मूर्ती बघायचीच असेल तर: संग्रहालय मंगळवारी बंद. ती शृंगारिक वस्तूंच्या 'गुप्त दालनात' असते. त्या दालनाची वेळ आधी विचारा, आणि मूर्ती जागेवर आहे का तेही. 2023 मध्ये न्यूयॉर्कच्या मेट म्युझियमला प्रदर्शनासाठी गेली होती. लाईन 2 च्या कावूर स्टेशनाला उतरलं की संग्रहालय पायी, आणि तीच लाईन पुढे पोत्सुओलीला जाते. सकाळी एक, दुपारी दुसरं.

खडूस आजोबा:
म्हणजे एकाच गाडीने दोन्ही होतं. बरं, घातलं तुमचं पोत्सुओली यादीत, उतारानेच चालू, विमानाच्या दिवशी नाही. लक्ष्मी मात्र भोकरदनचीच.

प्राकृत पंडित:
यक्षी.