परदेशवारी: काटकसरीत दोनदा की ऐशीत एकदा?

वहीखातं
गेले तीन आठवडे घरात एकच विषय चाललाय, दोघांची १२ दिवसांची इटली आणि बजेट किती धरायचं. मी शीटमध्ये तीन रकाने केले, कडकी, मध्यम आणि ऐश. आणि भरायला बसले तर लक्षात आलं की वरच्या तीन ओळी तिन्ही रकान्यांत सारख्याच येतायत. शेंगेन व्हिसाची (इटलीसकट युरोपातल्या बऱ्याच देशांना एकच चालतो तो) फी मोठ्या माणसाला ९० युरो (जून २०२४ पर्यंत ८० होती), तुम्ही डॉर्ममध्ये झोपणार म्हणून ती कोणी कमी करत नाही. इन्शुरन्स किमान ३० हजार युरो कव्हरचा लागतोच. विमानही तेच. म्हणजे नुसतं तिथे पोचायचेच एवढे पैसे, खरा फरक पडतो तो रोजच्या खर्चात, खोली, जेवण, फिरणं. माझं म्हणणं असं की रोजचा खर्च जमेल तितका खाली आणायचा आणि वाचलेल्या पैशात दोन वर्षांनी परत जायचं. नवरा म्हणतो एकदाच जाऊ पण रडतखडत नको. तुम्ही कुणाच्या बाजूने? (नवऱ्याच्या बाजूने असाल तरी लिहा, मी वाचून दाखवणार नाही.)

पाठपिशवी
तुमच्या बाजूने, डोळे झाकून. परदेशात सगळ्यात महाग काय असेल तर आळस, बाकी सगळ्याला वाट असते. माद्रिदचं प्रादो म्युझियम रोज बंद व्हायच्या आधी दोन तास फुकट असतं, लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला कायमच्या दालनांना तिकीटच नाही, इटलीत सरकारी म्युझियमं महिन्याच्या पहिल्या रविवारी फुकट, त्यात कोलोसियमही आलं. रोममध्ये रस्तोरस्ती लोखंडी नळ आहेत, सतत वाहतं थंडगार पाणी, मी पाच दिवसांत पाण्याची एकही बाटली विकत घेतली नाही. कॉफी काउंटरवर उभ्याने प्यायची, त्याच दुकानात टेबलावर बसलात की भाव वेगळा. व्हेनिसला राहायचंच नाही, पाण्याच्या अलीकडच्या मेस्त्रेला राहायचं, तिथून ट्रेनने दहा मिनिटं लागतात. रात्री झोपायलाच तर जायचंय खोलीवर.

निवांत_गडी
"झोपायलाच तर जायचंय" हे वाक्य मी पण म्हणायचो, पस्तिशीपर्यंत. आठ जणांच्या डॉर्ममध्ये पहाटे चारला कोणीतरी बॅगेची चेन उघडतो, मग प्लास्टिकची पिशवी चुरचुरते, मग मोबाइलचा टॉर्च थेट तुमच्या तोंडावर, मग तो माणूस सॉरी म्हणतो आणि परत तीच चेन लावतो. दुसऱ्या दिवशी तुम्ही प्रादोत बाकावर बसून पेंगताय, फुकटच्या दोन तासांतला अर्धा तास रांगेत गेलाय तो वेगळाच.

आणि मेस्त्रेचं म्हणाल तर आम्ही पहिल्यांदा तिथेच राहिलो होतो. सकाळी दहाला सगळ्या जगाबरोबर व्हेनिसमध्ये शिरलो, दिवसभर माणसांच्या पाठी बघितल्या, संध्याकाळी पाय मोडले म्हणून ट्रेन पकडून परत. लोकांना सांगत सुटलो की व्हेनिस काय खास नाही बुवा. चार वर्षांनी बायकोच्या हट्टाने आत राहिलो, दोनच रात्री. रात्री नऊनंतर ती दिवसाची गर्दी गेलेली असते, गल्लीत स्वतःच्याच पावलांचा आवाज येतो, पायऱ्यांवर पाणी चुबुकचुबुक आपटत असतं. म्हणजे पहिल्या वेळी मी पैसे वाचवले नव्हते, व्हेनिस न बघता परत आलो होतो. ते सगळे पैसे वायाच गेले की.

चाकांची_बॅग
निवांत, रात्रीचं अगदी पटलं, पण तुम्ही बॅगेचं सांगितलं नाहीत. आम्ही पण आतच राहिलो, छान ४ स्टार, नवऱ्याच्या भाषेत 'आराम'. स्टेशनपासून हॉटेलपर्यंत सात पूल, सगळ्यांना पायऱ्या, २३ किलोच्या दोन बॅगा. तिसऱ्या पुलावर आमचं बोलणं बंद झालं ते रात्रीच्या जेवणापर्यंत. वापोरेत्तो म्हणजे तिथली पाण्यातली बस, तिचं ७५ मिनिटांचं तिकीट माणशी साडेनऊ युरो, ते 'महाग' म्हणून आम्ही घेतलं नव्हतं. रात्रीच्या खोलीला एवढे पैसे मोजणाऱ्या माणसांनी साडेनऊ युरोसाठी स्वतःची हमाली केली 😭

तेव्हापासून मी स्टार बघतच नाही. लिफ्ट आहे का, स्टेशनपासून पायऱ्या किती, एवढं विचारते. वहीखातं, तुमच्या शीटमध्ये ही ओळ आहे का?

तुटक_तिकीट
"विमानही तेच" हे कोणी खोडलं नाही अजून? अहो सगळ्यात मोठा फरक तिथेच पडतो. थेट विमान, एक थांबा, दोन थांबे, आणि मग माझ्यासारखी अतिशहाणी माणसं जी दोन वेगवेगळ्या कंपन्यांची दोन सुटी तिकिटं काढून जोडतात. ती स्वस्त पडतात हे खरं. पण एकाच तिकिटावर दोन विमानं असली आणि पहिलं लेट झालं तर पुढे पोचवायची जबाबदारी कंपनीची. सुटी असली तर दुसऱ्या कंपनीच्या लेखी तुम्ही फक्त न आलेला प्रवासी. माझं पहिलं विमान दोन तास लेट, बॅग घेऊन परत चेक-इनला धावत गेलो तर काउंटर बंद. तिथल्या तिथे काढलेलं नवीन तिकीट आधीच्या दोन्ही मिळून होते त्याच्यापेक्षा महाग. कंपनीचं नाव काढत नाही, तिची चूक नव्हतीच.

तसंच विमानतळाचं. स्वस्त तिकिटावर पॅरिस लिहिलेलं असतं आणि उतरवतात बोव्हेला, पॅरिसपासून सुमारे ८५ किलोमीटर. बसचे पैसे धरा, सव्वा तास धरा, आणि पहाटेचं विमान असेल तर आदली रात्र कुठे काढणार तेही धरा.

पाठपिशवी
तुटकराव, दोन तिकिटं जोडायची असतील तर मध्ये एक रात्र ठेवायची, तेच शहर बघून होतं. तुम्ही ठेवलेत किती, तीन तास? मग ही चूक स्वस्ताईची नाही, घाईची.

निवांत, तुमचं व्हेनिस वाचायला छान वाटलं. पण तुमच्या हिशेबाने गेलं तर ज्याच्याकडे आत राहायचे पैसे नाहीत त्याने जाऊच नये का? मी मेस्त्रेला राहून रात्री अकरापर्यंत आत थांबलो, नंतरची ट्रेन पकडली. तुमचीच गल्ली, तुमचंच पाणी, ते काय हॉटेलच्या बिलात लावलेलं नसतं.

निवांत_गडी
नसतं, पण अकराला ट्रेन पकडायचीय हे नऊपासून डोक्यात असतं. घड्याळ बघत बसलेला माणूस आणि "आता चालत खोलीवर जाऊ" म्हणणारा माणूस, दोघांचे ते दोन तास सारखे नसतात. आणि जाऊ नये असं कुठे म्हटलं? १२ च्या जागी ८ दिवस जा, एवढंच. तेवढ्याच पैशात.

वहीखातं
थांबा थांबा, दिवस कमी करायचे हे तर गणितातच बसत नाही. विमान व्हिसा इन्शुरन्स तेवढंच, मग ८ दिवसांत तो खर्च दिवसाला जास्त पडतो ना. जितके जास्त दिवस राहू तितका तो विभागला जातो.

निवांत_गडी
दिवसाला कमी पडतो पण एकूण वाढतोच की ताई. सेल आहे म्हणून चार साड्या घेण्यातली गत. शिवाय सुट्टी मोजा, रजा पण खर्चच असते.

फुटकळखर्च
तुमची भांडणं चालू द्या, मी फक्त शीटमध्ये न दिसणारं टाकतो. हॉटेलवर शहराचा कर वेगळा असतो, बऱ्याचदा तिथे गेल्यावर द्यावा लागतो. रोममध्ये स्टार वाढले की करही वाढतो, ५ स्टारला माणशी रात्रीचे १० युरो. अ‍ॅमस्टरडॅममध्ये २०२४ पासून खोलीच्या भाड्यावर साडेबारा टक्के. इटलीत टेबलावर बसलं की बऱ्याच ठिकाणी बिलात माणशी 'कोपेर्तो' लागतो, ती टीप नव्हे, बसायचे पैसे. भाड्याची गाडी घ्याल तर कार्डावर डिपॉझिटची रक्कम अडकून राहते, ती 'खर्च' नाही पण त्या आठवड्यात वापरताही येत नाही, आम्ही त्यात अडकलो होतो. आणि कार्ड मशीनने विचारलं की तुमच्या देशाच्या चलनात कापू का, तर नाही म्हणायचं. दयाळूपणे विचारल्यासारखं वाटतं, पण रेट त्यांचा असतो. कायम तिथलंच चलन निवडायचं.

मधली_फळी
सगळे एकच चूक करतायत असं मला वाटतं, रकाने उभे धरलेत. अख्खी ट्रिप कडकीची किंवा अख्खी ऐशीची. आणि मध्यम तर सगळ्यात फसवा, तिथे सगळंच थोडं थोडं बरं असतं आणि लक्षात काहीच राहत नाही. आम्ही जपानला गेलो तेव्हा खोल्या अगदी साध्या घेतल्या, बिझनेस हॉटेल, इतकी लहान खोली की एकाने बॅग उघडली की दुसऱ्याने पलंगावर चढून बसायचं. पण एका बाबतीत हात सैल सोडला. तिथे बॅग कुरियरने पुढच्या शहरातल्या हॉटेलवर पाठवता येते, साधारण दुसऱ्या दिवशी पोचते. तोक्योहून क्योतोला आम्ही दोघं फक्त खांद्यावरची सॅक घेऊन गेलो, एका रात्रीचे कपडे. ५ स्टारमध्ये राहून पण हे सुख मिळालं नसतं हो. चाकांची_बॅग, तुमच्यासाठी खास लिहितोय.

उलट जी गोष्ट सगळे 'स्वस्त' म्हणून डोळे झाकून घेतात ती आम्ही घेतली नाही, रेल पास, म्हणजे एकदा पैसे भरून ठरावीक दिवस ट्रेनने हवं तितकं फिरायचं. ऑक्टोबर २०२३ मध्ये ७ दिवसांचा साधा पास २९,६५० येनवरून एकदम ५०,००० झाला. तोक्यो क्योतो जाऊन येऊन सुटं तिकीट साधारण २८ हजारांत पडतं. जुन्या भावाला पास ठीक होता, आता तेवढ्याच प्रवासासाठी घ्याल तर नुकसान. पण जुन्या व्हिडिओत ऐकलेलं डोक्यात बसलेलं असतं ना.

निवांत_गडी
मिक्स करणं ठीक आहे, पण क्रम सांभाळा. आम्ही एकदा हौसेने पहिल्या दोन रात्री भारी हॉटेल घेतलं आणि मग साध्या खोलीत गेलो. बायको दारात उभी राहून नुसती बघत होती. काही बोलली नाही, तेच जास्त लागलं.

चाकांची_बॅग
😂 पण मला उलट वाटतं. पहिली रात्र चांगलीच हवी. विमानातून उतरल्यावर अंग आंबलेलं असतं, झोपेचं गणित बिघडलेलं असतं, तेव्हा गरम पाणी आणि शांत खोली नसेल तर पुढचे दोन दिवस चिडचिडीत जातात. शेवटी शेवटी सवय झालेली असते कशाचीही.

पाठपिशवी
पहिली चांगली, शेवटची चांगली, व्हेनिस आत, विमान थेट, बॅग कुरियरने. झाली की ऐश! काटकसर कुठे उरली आता? दात कोरून पोट भरत नाही म्हणतात ते मान्य, पण असे सात "फक्त एवढंच" मिळून ताट भरतं आणि सांडतं पण.

वहीखातं
पाठपिशवी, हे मात्र खरंय. रात्री बसून परत केलं सगळं. विमान एकाच तिकिटावर एक थांबा, थेट नाही. व्हेनिस दोन रात्री आत, पण स्टेशनच्या बाजूलाच, मध्ये एकच पूल आहे, नकाशावर मोजला. त्याबदल्यात फ्लोरेन्सला स्वयंपाकघर असलेली खोली, चार दिवस रात्रीचं जेवण घरीच. फास्ट ट्रेनची तिकिटं आत्ताच काढतेय, ती आधी स्वस्त मिळतात, छोट्या रीजनल गाड्यांची ऐनवेळी काढली तरी भाव तोच म्हणून ती नंतरसाठी ठेवली. दिवस १२ चे ११ केले, निवांत, एवढंच ऐकणार तुमचं. एकूण आकडा माझ्या कडकीपेक्षा बराच वर गेलाय आणि नवऱ्याच्या ऐशीपेक्षा बराच खाली, त्यामुळे सध्या आम्ही दोघंही नाराज आहोत.

पाठपिशवी
स्टेशनच्या बाजूला व्हेनिस, बरं. रोमला महिन्याचा पहिला रविवार तरी येतोय का तारखांमध्ये?

वहीखातं
येतोय. कोलोसियमच्या रांगेत नवऱ्याला उभं करणार, मी तोवर काउंटरवर उभ्याने कॉफी पिऊन येते.