स्टेलारिस : ग्रहांचा सर्व्हे किती करावा आणि कोणत्या दिशेने?

प्रश्न – ध्रुवतारा

सर्वांना नमस्कार. पॅराडॉक्स कंपनीचा २०१६ साली आलेला ‘स्टेलारिस’ हा अंतराळात साम्राज्य उभारण्याचा संगणकीय खेळ मी सध्या खेळतो आहे आणि त्यातील ग्रहांच्या सर्व्हेविषयी जाणकारांचे मत हवे आहे. २२०० साली खेळ सुरू होतो तेव्हा हाताशी एकच सायन्स शिप (संशोधन जहाज) असते. ती एखाद्या ग्रहमालेत शिरली की प्रत्येक ग्रह, उपग्रह आणि लघुग्रहाजवळ जाऊन थांबते, तपासणी पूर्ण होईपर्यंत हलत नाही आणि मगच पुढच्याकडे वळते. दहा-बारा पिंडांची ग्रहमाला असेल तर यात बराच काळ जातो आणि पदरी पडतात ती दोन मिनरल्स किंवा तीन एनर्जी. तोवर शेजारचे साम्राज्य माझ्या दाराशी आउटपोस्ट (ग्रहमालेवर ताबा देणारे ठाणे) उभारून मोकळे झालेले असते. जवळच्या सगळ्या ग्रहमाला नीट तपासून मगच पुढे सरकावे, की आधी दूरवर धाव घेऊन उरलेले नंतर पाहावे? सुरुवातीला सायन्स शिप किती असाव्यात, हेही कृपया सांगावे.

उत्तर – रात्रपाळी

आपण सर्व्हेकडे खनिजे मोजण्याचे काम म्हणून पाहत आहात, आणि अडचण तिथेच आहे. पहिल्या तीस-चाळीस वर्षांत मिनरल्सपेक्षा इन्फ्लुअन्सची (हद्द वाढवण्यासाठी खर्चावा लागणाऱ्या प्रभावाची) चणचण जास्त भासते. प्रत्येक आउटपोस्टला मुळात १०० अलॉय (मिश्रधातू) आणि ७५ इन्फ्लुअन्स लागतो, आणि आपल्या हद्दीपासून जितके लांब जावे तितका इन्फ्लुअन्सचा आकडा चढत जातो. म्हणजे थोड्या काळात आपल्या वाट्याला मोजक्याच ग्रहमाला येणार असतात, आणि त्या कोणत्या असाव्यात हे ठरवण्यासाठीच सर्व्हे करायचा असतो. शिवाय पूर्ण सर्व्हे झाल्याखेरीज त्या ग्रहमालेत आउटपोस्ट बांधताच येत नाही, त्यामुळे नुसते डोकावून पुढे जाण्याने आपली हद्द एका पावलानेही वाढत नाही.

२०१८ च्या २.० आवृत्तीपासून सर्वांना हायपरलेननेच (ग्रहमालांना जोडणाऱ्या ठरावीक मार्गांनीच) प्रवास करावा लागतो, हे इथे पथ्यावर पडते. नकाशा उघडून आपल्या मुख्य ग्रहमालेतून निघणाऱ्या लेन बोटाने माग काढावा तशा तपासाव्यात. चार-पाच उड्यांच्या आत बहुधा अशी एखादी ग्रहमाला सापडते, जिच्यातून गेल्याशिवाय शेजाऱ्याला आपल्याकडे येताच येत नाही. पहिली सायन्स शिप त्या नाक्याच्या दिशेने, वाटेतल्या ग्रहमालांचा सर्व्हे करत न्यावी आणि नाका ताब्यात येताच सीमा बंद करावी. नाक्याच्या आतल्या, एका टोकाला बंद असलेल्या ग्रहमाला कोणी पळवून नेत नाही. त्या दहा वर्षांनी तपासल्या तरी चालतात.

सायन्स शिप सुरुवातीला दोन, फार तर तीन असाव्यात. पाच-सहा बांधाव्यात असे जुन्या मार्गदर्शनात आढळते, परंतु प्रत्येकीला १०० अलॉय लागतात, आणि तेच अलॉय आउटपोस्टलाही हवे असतात. त्यातच २०२३ पासून नेत्यांच्या (शिपवर लागणारे शास्त्रज्ञही त्यांतच मोजले जातात) संख्येवर मर्यादा आल्यामुळे शास्त्रज्ञांची फौज बाळगणे आता परवडत नाही.

उत्तर – हिशेबनीस

रात्रपाळी यांच्याशी मी सहमत आहे, परंतु ‘दोन मिनरल्स’ यावरून थोडा हिशेब मांडतो, कारण सर्व्हे झाल्यावर दिसेल तिथे मायनिंग स्टेशन ठोकत सुटण्याची सवय अनेकांना असते. स्टेशनला १०० मिनरल्स लागतात आणि नंतर दरमहा एक एनर्जी. दरमहा दोन मिनरल्स देणाऱ्या लघुग्रहावर ते बांधले, तर नुसते मुद्दल वसूल व्हायला ५० महिने, म्हणजे चार वर्षांहून अधिक काळ जातो. चार मिनरल्सचा पिंड असेल तर २५ महिने पुरतात. दोन एनर्जी देणाऱ्या पिंडावर देखभालीची एक वजा जाता हाती एकच उरते, तेव्हा असली स्टेशने पहिल्या दशकात मागे ठेवावीत. मात्र इथले साठे कधी आटत नाहीत, त्यामुळे उशिरा बांधल्याने साठा बुडाला असे होत नाही. (‘मास इफेक्ट २’ या खेळात ग्रहावरून कर्सर फिरवत, आलेख उसळला की प्रोब सोडत तासन्‌तास घालवलेल्यांना हे सुख वाटेल, तिथे ग्रह रिकामा झाला की विषय संपला.)

आणखी एक गोष्ट नवख्यांच्या लक्षात येत नाही. ताऱ्यावरच साठा असेल तर आउटपोस्ट उभारताच तो आपोआप मिळू लागतो, वेगळे स्टेशन लागत नाही. दोन ग्रहमाला इतर बाबतीत सारख्या असतील तर ताऱ्यावर एनर्जी असलेली आधी घ्यावी. वस्तीयोग्य ग्रहाभोवती मात्र खाणीचे स्टेशन बांधता येत नाही. तिथली संपत्ती वसाहत केल्यावरच हाती येते.

उत्तर – उल्का

वरील दोन्ही उत्तरे हिशेबाच्या अंगाने बरोबर आहेत, तरीही नाक्याकडे धावण्याचा सल्ला मला सरसकट मान्य नाही. सर्व्हेची खरी कमाई अनॉमली, म्हणजे एखाद्या पिंडावर आढळणारी गूढ गोष्ट, आहे. पिंड तपासत असतानाच ती सापडते, आणि तिचा तपास पूर्ण झाल्यावर कधी संशोधनाचे गुण, कधी त्याच पिंडावर नवा साठा, तर कधी पुढे अनेक वर्षे चालणारी घटनांची मालिका हाती लागते. हे सारे पहिल्या वीस वर्षांत मिळाले तर त्याचा उपयोग वेगळाच असतो. आतल्या ग्रहमाला दहा वर्षे तशाच ठेवणे म्हणजे ही कमाई दहा वर्षे लांबवणे होय. म्हणून मी एक शिप नाक्याकडे पाठवते आणि दुसरी घराभोवतीच ठेवते. वस्तीयोग्य ग्रहही प्राथमिक सेटिंगनुसार घराजवळच दोन दिलेले असतात, आणि ते दुसऱ्या शिपलाच सापडतात.

अनॉमली दिसली की लगेच तिच्यावर तुटून पडू नये, एवढे मात्र पाळावे. २०१८ च्या २.१ आवृत्तीपासून तपास फसण्याची भीती राहिलेली नाही. अनॉमलीची पातळी शास्त्रज्ञाच्या पातळीपेक्षा जितकी वरची, तितका वेळ अधिक लागतो, इतकेच. नवख्या शास्त्रज्ञाला सहाव्या-सातव्या पातळीच्या अनॉमलीवर बसवले तर ती शिप सर्व्हेच्या कामातून उठलीच म्हणून समजा. सोप्या अनॉमली वाटेत उरकाव्यात, अवघड तशाच सोडाव्यात आणि शास्त्रज्ञ तयार झाल्यावर परतावे.

ध्रुवतारा

सर्वांचे मनःपूर्वक आभार. एक शंका राहिली. मायनिंग ड्रोन किंवा क्रिस्टल प्राणी असे शत्रू असलेल्या ग्रहमालेत शिप शिरते, घाबरून परत घराकडे पळते आणि दिलेले सगळे आदेश रद्द होतात. त्यावर काही उपाय आहे का?

उत्तर – रात्रपाळी

शिपचे धोरण ‘इव्हेसिव्ह’ असेल तर शत्रू दिसताच ती पळ काढते. ते ‘पॅसिव्ह’ केल्यास ती पळत नाही. मात्र शत्रू अंगावर चालून आला तर तिला बाहेर काढण्याची जबाबदारी आपली, म्हणून अनोळखी ग्रहमालेत शिरताना खेळ थांबवून आत कोण आहे ते पाहून घ्यावे. ड्रोन जिथे ठाण मांडून बसलेले असतात तिथे सहसा खनिजेही असतात, तेव्हा ती ग्रहमाला यादीतून काढू नका. ताफा तयार होईपर्यंत बाजूला ठेवा. शिफ्ट दाबून ग्रहमाला एकामागून एक निवडल्या की सर्व्हेचे आदेश रांगेत लागतात. त्या रांगेत धोक्याची ग्रहमाला घालू नये आणि दोन्ही शिपच्या रांगा वेगवेगळ्या लेनवर ठेवाव्यात.