मदत हवी आहे: मुंबई ते न्यूयॉर्क, अंतर आणि वेळ जुळत नाहीये

नमस्कार मंडळी, अमळनेरहून लिहितोय. आईला डिसेंबरात ताईकडे न्यू जर्सीला पाठवायचंय. जळगावहून विमानाने मुंबई, तिथून थेट न्यूयॉर्क. तिला जेवणाआधी इन्शुलिन लागतं, म्हणून डॉक्टरांनी विचारलंय की मोठ्या विमानात नक्की किती तास जाणार. आईचंही तेच चाललंय, "कितला तास बसनं पडी?"

एक्सेलमध्ये हॅव्हरसाइनचं सूत्र (गोलावरच्या दोन ठिकाणांमधलं सर्वात जवळचं अंतर काढायचं) लावलं, पृथ्वीची त्रिज्या 6371 किमी धरून. मुंबई 19.09 उत्तर, 72.87 पूर्व, केनेडी विमानतळ 40.64 उत्तर, 73.78 पश्चिम. अंतर आलं 12,532 किमी. ताशी 900 ने भागलं तर चौदा तास. तिकिटावर मात्र रात्री 1:30 ला सुटून त्याच तारखेला सकाळी 7 ला पोच, म्हणजे साडेपाचच तास! आणि भाचा सोळा म्हणतोय.

जळगाव-मुंबईचंही तसंच. सरळ रेषेत साधारण 355 किमी, एटीआरचा (छोटं पंख्याचं विमान) वेग ताशी 500 धरला तर पाऊण तासही नको. वेळापत्रकात तासाच्या वर. काय धरायचं राहतंय?

प्रतिसाद १
भाऊ, अंतर बरोबर काढलंय. वेळेचं भाच्याचं ऐका. डिसेंबरात न्यूयॉर्क आपल्या साडेदहा तास मागे असतं. साडेपाच अधिक साडेदहा, झाले सोळा. परतीचं तिकीट एप्रिलचं असेल तर साडेनऊ धरा, मार्चमध्ये तिकडची घड्याळं तासभर पुढे जातात.

आता तुमच्या चौदाच्या वरचे दोन तास. ताशी 900 हा उंचीवर गेल्यावरचा वेग. धावपट्टीपर्यंत रांगत जाणं, चढणं, उतरणं यात तो मिळत नाही, म्हणून जळगाव-मुंबईसारख्या छोट्या पल्ल्यात फरक डोळ्यात भरतो. लांबच्या पल्ल्यात वारा आणि वाट. घरात पृथ्वीगोल असेल तर दोन्ही शहरांवर दोरा ताणून बघा: तो अटलांटिकवर आडवा न जाता बलुचिस्तान, अफगाणिस्तान, रशिया करत आइसलंडवरून जातो. तुमचे 12,532 किमी या दोऱ्याचे. पाकिस्तानने एप्रिल 2025 मध्ये भारतीय विमानांना हद्द बंद केली, तेव्हा या दोऱ्यावरून उडायची सोयच राहिली नाही. त्यात उंचावरचे वारे पश्चिमेकडून, जाताना तोंडावर.

प्रतिसाद २
डॉक्टरांना घड्याळाची वेळ सांगूच नका, सोळा तास सांगा, आणि मुंबईतला मुक्काम वेगळा. डोस तेच बसवून देतील. इन्शुलिन हातातल्या बॅगेत, चिठ्ठीसकट. खालच्या सामानात गोठलं की वाया.

धागाकर्ता
धन्यवाद दादा. मग परतीला वारा पाठीवर, म्हणजे सोळापेक्षा कमी?

प्रतिसाद १
हो, बहुतेक वेळा. पण तिकिटावरून पुन्हा काढा, तेव्हा साडेनऊ-साडेदहा वजा करायचे.