मदत हवी आहे: किडनी ट्रान्सप्लांटनंतर स्टॅटिनने (कोलेस्टेरॉलच्या गोळीने) प्रतिकारशक्ती आणखी खाली जाते का?

दादाला आठ महिन्यांपूर्वी आईची किडनी बसवली. क्रिएटिनिन (किडनी किती नीट चालते ते सांगणारी रक्ततपासणी) १.३, सगळं छान चाललंय. प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट, प्रेडनिसोलोन या तीन गोळ्या आणि टॅक्रोची रक्तातली लेव्हल राखायला डिल्टियाझेम चालू आहे. गेल्या तपासणीत एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) १६२ आलं, म्हणून डॉक्टरांनी अ‍ॅटोरव्हास्टॅटिन १० दिली.

दहा दिवस झाले, ती स्ट्रिप रबरबँडसकट फ्रिजवर पडून आहे. चुलतभावाने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं, 'स्टॅटिन इम्युनिटी मारतं'. झालं! दादा म्हणतो, "इम्युनिटी मारायला तीन गोळ्या आहेत की, चौथी कशाला?" इतर वेळी हा माणूस गजर लावून बरोब्बर बारा तासांनी टॅक्रो घेतो.

मी थोडं वाचलं. फॉरवर्ड अगदीच हवेतलं नाही. २००० साली जिनिव्हाच्या संशोधकांनी प्रयोगशाळेत दाखवलं की इंटरफेरॉन गॅमा या प्रतिकारशक्तीच्या संदेश-रेणूमुळे पेशींवर येणारे एमएचसी-२ रेणू स्टॅटिनमुळे कमी येतात. याच रेणूंवरून टी-पेशींना (प्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या पेशींना) परकं काय ते कळतं. त्याआधी १९९५ मध्ये हृदय बदललेल्या ९७ जणांवर प्रवास्टॅटिनची चाचणी झाली होती. वर्षभराने गोळी घेणारे ९४ टक्के जगले, न घेणारे ७८ टक्के, आणि गंभीर रिजेक्शनही (शरीराने नवं हृदय नाकारणं) कमी. म्हणजे ज्याला दादा घाबरतोय, तोच तिथे फायदा ठरला असावा!

किडनीत मात्र तसं दिसत नाही. २००३ च्या अलर्ट चाचणीत (२१०२ रुग्ण, फ्लुव्हास्टॅटिन) हार्ट अटॅक आणि हृदयविकाराचे मृत्यू कमी झाले, किडनी काही जास्त टिकली नाही. त्यामुळे दादाला ही गोळी हृदयासाठीच दिली असावी, असं मला वाटतं. बरोबर आहे का?

माझी खरी काळजी वेगळीच आहे. डिल्टियाझेममुळे अ‍ॅटोरव्हास्टॅटिनचं रक्तातलं प्रमाण वाढतं म्हणे, आणि प्रमाण वाढलं की स्नायूंना त्रास. सायक्लोस्पोरिन (टॅक्रोसारखीच इम्युनिटी दाबणारी गोळी) घेणाऱ्यांना तर सिम्व्हास्टॅटिन चालतच नाही. कोणाच्या घरी डिल्टियाझेम आणि स्टॅटिन दोन्ही चालू आहेत का? मांड्या-पोटऱ्या दुखल्या का? गोळी बदलून दिली का?

'डॉक्टरांना विचारा' हे कृपया लिहू नका, गुरुवारी जातोच आहोत. ओपीडीत पाच मिनिटं मिळतात, त्यात नेमकं काय विचारू ते सांगा. गोळी सुरू करण्याआधी सीपीके (स्नायूंना इजा झाली का ते सांगणारी रक्ततपासणी) करून घ्यावी का?