काळजी घेणाऱ्याला प्राणायाम शिकवू नका, एक रात्र द्या

आंबटओली

आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर गेल्या आठवड्यात एका मावसबहिणीने खास माझ्यासाठी एक यादी टाकली. घरातल्या रुग्णाची सेवा करताना स्वतःला कसं जपायचं त्याची. दीर्घ श्वास घ्या, डायरी लिहा, जुना छंद पुन्हा धरा, रोज अर्धा तास फक्त स्वतःसाठी ठेवा. खाली अंगठ्यांची रांग. अंगठा दाखवणाऱ्यांपैकी एकही जण आजवर आमच्याकडे दोन तास बसायला आलेला नाही.

बाबा ८२ वर्षांचे, डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश. माटुंग्याच्या रेल्वे वर्कशॉपमधून निवृत्त. दिवसा बरे असतात, पेपर उलटा का होईना पण हातात धरतात. दिवेलागणीला चाळवाचाळव सुरू होते, "घरी जायचंय" म्हणतात, आणि असतात स्वतःच्याच घरात. रात्री दोनला उठून पलंगाच्या कडेला बसतात, पायात चपला, आणि मला हाक: "डबा भरलास का? पहिली पाळी आहे." नाही म्हटलं तर चिडतात. भरते म्हटलं तर दाराशी जाऊन कडी शोधतात. आता कडी वर, त्यांचा हात पोचणार नाही अशी बसवलीय.

माझं म्हणणं असं की या ताणाचं मूळ मनात नाही, घड्याळात आहे. झोप तुटते म्हणून चिडचिड, चिडचिडीमुळे बाबांवर आवाज चढतो, मग अपराधी वाटतं, मग पुन्हा झोप नाही. त्या यादीतला प्रत्येक उपाय करायला कुणीतरी दुसऱ्याने माझा वेळ सोडवून द्यायला लागतो, आणि नेमकं तेवढंच यादीत नाही. उलट ध्यान हे माझ्याच डोक्यावरचं आणखी एक काम होतं. वर "तू स्वतःकडे लक्ष देत नाहीस" हे ऐकून घ्यायचं.

"काही लागलं तर सांग" हे वाक्य बंद करा. वार आणि वेळ सांगा. शनिवारी रात्री दहाला येतो, सकाळी सहाला जातो, असं. एवढंच हवंय. बोला.

निंबोणी

शंभर टक्के सहमत. आमच्याकडे सासूबाई खुब्याचं हाड मोडल्यापासून अंथरुणावर. दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखम होते, एअर बेड असला तरी. रात्री अकरा, एक, तीन, पाच असे गजर. कूस बदलायला, डायपर बदलायला खरं तर दोन माणसं लागतात. आडवी चादर अंगाखाली घालून ओढायची युक्ती एका नर्सने शिकवली म्हणून माझी कंबर वाचली. ती युक्ती कुठल्याच ताणमुक्तीच्या लेखात नव्हती.

खडूस_काका

मी विरोधी पक्षात. पत्नीला पार्किन्सन्स होता, शेवटची काही वर्षं सगळंच करावं लागे. आंबटओली, तुम्हाला वाटतं रात्र मिळाली की झोप येईल. मला मिळाली होती. रात्रपाळीला मावशी ठेवली आणि मी शेजारच्या खोलीत छताकडे बघत पडायचो. ग्लास वाजला की उठून जायचो. शेवटी ती मावशीच म्हणाली, "काका, तुम्हीच जागणार असाल तर मला कशाला पैसे देता?"

तास रिकामे करून भागत नाही, माणूसही सुटायला लागतो. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे, तिथे रुग्णाला शुभार्थी आणि आपल्याला शुभंकर म्हणतात. आधी हसू यायचं, नंतर सवय झाली. तिथे मी काय शिकलो? तर आपल्यावाचून अडतं हा एक प्रकारचा माजच असतो. तिथेच श्वासाचे व्यायामही शिकलो. हसा खुशाल. तिच्या तोंडात घास फिरत राहायचा, गिळायला वीस-वीस मिनिटं लागायची, तेव्हा तो श्वासच उपयोगी पडला. तेवढ्यासाठी कुणाला रात्री बोलवायची गरज नव्हती.

आणि विचारतोच: कुणी खरंच आलं तर तुम्ही बाबांना त्याच्यावर सोडाल?

आंबटओली

काका, तुमच्याकडे मावशी ठेवायची सोय होती म्हणून न झोपण्याची चैन परवडली, असं म्हणू का? (राग नसावा, आज कालचीच झोप बाकी आहे.) सोडेन की नाही हा प्रश्न कुणी आल्यावरचा. आलंच नाही कुणी, तर माझ्या मनाची परीक्षा कसली घेताय?

खडूस_काका

राग कसला. पण उत्तर टाळलंत.

परदेशी_पाखरू

धागा वाचून पोटात गोळा आला. मी न्यू जर्सीत, आईला पक्षाघात झालेला, ती ठाण्यात दादा-वहिनीकडे. मी शनिवारची रात्र कुठून देऊ? पैसे पाठवतो, रोज व्हिडिओ कॉल करतो. वहिनीच्या स्वरात हल्ली एक धार असते. इथल्या हिशोबात रात्र न देणारा तो नालायकच का?

निंबोणी

नालायक कोण म्हणालं? पण तुमचा तो रोजचा कॉल कितीला असतो? आमचे अमेरिकावाले दीर बरोब्बर आमच्या जेवणाच्या वेळी करतात. मग सासूबाईंना उशीला टेकवून बसवा, केस विंचरा, फोन धरा, आणि "आई किती सुकलीय गं" हे ऐका. रात्र विकत मिळते हो. रात्रपाळीच्या बाईचे पैसे वेगळे, नाव घालून पाठवा. मेडिक्लेमची कागदपत्रं, औषधांची ऑर्डर, डॉक्टरांची वेळ घेणं हे सगळं तिथे बसून होतं. आणि सुट्टीत याल तेव्हा पाहुणे म्हणून येऊ नका. दादा-वहिनीला कोकणात पाठवा आणि आईचं सगळं तुम्ही करा. चौथ्या दिवशी वहिनीचा स्वर आपोआप कळेल.

सूनबाई_बदलापूर

शेवटच्या वाक्याला टाळ्या. आमच्याकडे नवरा त्याच्या आईचं करतो तेव्हा "मला मदत करतो" म्हणतात. कुणाची मदत, कुणाची आई!

मी केंद्र सरकारी नोकरीत. मुलांसाठी ७३० दिवसांची बालसंगोपन रजा आहे, चांगलीच आहे, मी घेतलीही. सासऱ्यांच्या आजारपणासाठी अशी वेगळी रजाच नाही. आपली अर्जित रजा मोडायची, वर्षाला ३० दिवस, त्यातच गणपती, लग्नकार्यं आणि स्वतःचा ताप. तेव्हा काका, मनाला सुटायला शिकवा हे ठीक, पण ऑफिसनेही थोडं सुटायला शिकावं.

वऱ्हाडी_डॉक्टर

दोन्ही बाजूंना थोडं थोडं देतो.

आधी आकडा. ६० वर्षांवरच्या भारतीयांपैकी सुमारे ७.४ टक्के लोकांना डिमेन्शिया असावा असा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झाला, म्हणजे जवळपास ८८ लाख माणसं. तेवढ्या घरांत कुणीतरी रात्री दोनला उठलेलं असतं.

आता ताण. १९९९ साली 'जामा' या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात एक प्रसिद्ध अभ्यास आला होता. आजारी जोडीदाराचं करणारे वृद्ध नवरा-बायको. ज्यांना त्या सेवेचा ताण जाणवत होता त्यांच्यात चार वर्षांत मृत्यूचा धोका, असं काही करावं न लागणाऱ्यांपेक्षा ६३ टक्क्यांनी जास्त आढळला. हे आंबटओलींच्या बाजूचं. पण सेवा करूनही ताण न जाणवणाऱ्यांत तशी ठळक वाढ दिसली नाही. हे काकांच्या बाजूचं. मात्र ताण न जाणवणाऱ्यांना कुणी ध्यान शिकवलं होतं की त्यांचं काम मुळात हलकं होतं, हे त्यावरून ठरवता येत नाही. तेव्हा लगेच विजयोत्सव नको.

आणि ताई, वादाच्या नादात रुग्ण राहून जायला नको. बाबांची रात्रीची गडबड अलीकडे अचानक वाढलीय का? असेल तर आधी लघवीची तपासणी करा. लघवीतला संसर्ग म्हाताऱ्यांत पुष्कळदा ताप न येता फक्त गोंधळ वाढवतो. बद्धकोष्ठता बघा, दुखणं बघा, ते स्वतःहून सांगणार नाहीत. लघवीची गोळी संध्याकाळी देत असाल तर सकाळी चालेल का ते डॉक्टरांना विचारा. दुपारची झोप अर्ध्या तासावर आणा. दिवे लवकर लावा, कोपऱ्यांत सावल्या नकोत. शेजारणीची झोपेची गोळी मात्र कृपा करून देऊ नका. पडून खुबा मोडला की निंबोणीताईंचं वेळापत्रक तुमच्याकडे येईल. मन शांत करणाऱ्या काही औषधांनी डिमेन्शियाच्या वृद्धांत मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ मध्येच दिला होता. कधी कधी द्यावी लागतात, पण ते डॉक्टरांनी बघून.

आणि तुम्हाला स्वतःला सगळं संपवावंसं वाटू लागलं, किंवा बाबांवर हात उगारला जाईल अशी भीती वाटली, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा. फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

आंबटओली

डॉक्टर, लघवीचं कुणीच सांगितलं नव्हतं. उद्याच नमुना देते. गोळी संध्याकाळचीच आहे.

गावठाणकर

तुमचा सगळा वाद शहरातला. आमच्या तालुक्यात रुग्णसेवेला माणसं पुरवणारा ब्यूरो नाही, रात्रपाळीची मावशी नाही. जिल्हा रुग्णालयात वृद्धांसाठी दहा खाटांचा कक्ष असावा असं सरकारच्या योजनेत आहे, पण तिथवर जायला एसटी बदलावी लागते आणि डिमेन्शियाचा माणूस एसटीत बसत नाही.

बाकी रात्र देणं आमच्याकडे आजही आहे. ऑपरेशन होऊन माणूस घरी आला की भावकीतलं कुणी ना कुणी उशाशी असतं, विचारावं लागत नाही. पण पंधरवडा. फार तर महिना. वर्षानुवर्षं चालणाऱ्या आजाराला भावकी पुरत नाही, आणि त्यात त्यांचा दोष मी मानत नाही. शेतं त्यांनाही आहेत. आंबटओली ताई, तुम्ही नातेवाइकांकडून जे मागताय ते त्यांनी मनापासून दिलं तरी सहा महिन्यांत आटेल. पगारी माणूस नाहीतर वृद्धांना ठेवून घेणारं केंद्र, याशिवाय लांबचा पल्ला निघत नाही.

संस्कारी_पुणेकर

आलंच शेवटी केंद्रावर! ज्यांनी हाताला धरून चालायला शिकवलं त्यांना परक्यांच्या हवाली करायचं आणि वर त्याला ताणाचं नाव द्यायचं. आमच्या आजीचं आईने एकटीने केलं, हूं की चूं न करता. आणि कायदाही आहे, २००७ चा, आईवडिलांना सोडलं तर शिक्षा होते.

वऱ्हाडी_डॉक्टर

कायदा वाचून बोला. २००७ चा कायदा निर्वाहाचा आहे. मुलं बघत नसतील तर न्यायाधिकरण महिन्याला दहा हजारांपर्यंत खर्च द्यायला लावू शकतं. वृद्धाला पूर्णपणे वाऱ्यावर सोडण्याच्या हेतूने कुठे टाकून दिलं, तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पैसे भरून, भेटायला जात राहून चांगल्या केंद्रात ठेवणं म्हणजे टाकून देणं नव्हे. डे केअर तर नव्हेच नव्हे.

सूनबाई_बदलापूर

आणि आईने हूं की चूं केलं नाही हे तुम्हाला कोणी सांगितलं, पुणेकर? आईने? की तिला कुणी विचारलंच नव्हतं?

संस्कारी_पुणेकर

मुद्दा सोडून वैयक्तिक होऊ नका. केंद्रांत काय चालतं ते सगळ्यांना माहीत आहे. पाणी कमी देतात, म्हणजे डायपर कमी लागतात. माझ्या मित्राच्या वडिलांना बांधून ठेवलं होतं.

खडूस_काका

पुणेकरांचा हा मुद्दा मात्र हसण्यावारी नेऊ नका. असं होतं. उपाय एकच, न सांगता जायचं, जेवणाच्या वेळी जायचं, ओठ आणि टाचा बघायच्या. ओठ सुकलेले किंवा टाचांना जखम दिसली की समजायचं. "अमुकच वेळी भेटायला या" म्हणणारं केंद्र मी पहिल्याच दिवशी नाकारलं होतं.

परदेशी_पाखरू

आज दादाशी बोललो. रात्रपाळीचे पैसे मी देतो म्हटलं. तो म्हणाला, "परक्या बाईने आईचं केलेलं मला चालणार नाही." मागून वहिनीचा आवाज आला, "मग आज रात्री तू ऊठ." फोन तिथेच संपला. पुढे काय करू?

निंबोणी

काही करू नका. पैसे वहिनीच्या खात्यात टाका.

आंबटओली

हे बेस्ट. माझ्यापुरतं बोलायचं तर गावठाणकरांचं पटतंय. भावाशी बोलले, निम्मे पैसे तो देणार. आठवड्यात तीन रात्री ब्यूरोचा माणूस ठेवून बघणार. आधार कार्डाची प्रत आणि पोलीस पडताळणी मागितलीय. काका, तुमचा मुद्दा मान्य नाही म्हणजे नाही, आधी रात्र आणि मग मन, पण एक विचारते. पहिल्या रात्री मी काय करायचं? घर वन बीएचके आहे, शेजारची खोली म्हणजे स्वयंपाकघर.

खडूस_काका

पहिली रात्र त्याच्याबरोबर जागा. बाबा काय विचारतात, काय उत्तर दिलं की शांत होतात, कडी कुठे, औषधं कुठली, हे त्याला दाखवा आणि मोठ्या अक्षरात लिहून भिंतीला लावा. पहिल्या पाळीच्या डब्याला काय उत्तर चालतं हे तुम्हालाच माहीत, त्याला नाही. दुसऱ्या रात्री घरात राहू नका. मैत्रिणीकडे जा, बहिणीकडे जा. फोन त्याने करायचा, तुम्ही नाही.

आंबटओली

"आज संप आहे, वर्कशॉप बंद" म्हटलं की झोपतात. लिहिते. यादी टाकणारी ती मावसबहीण ठाण्याजवळ दिव्याला राहते, तिच्याकडेच जाते.