आक्काची चौथी केमो अडली आहे. स्तनाचा कॅन्सर, सोबत हिपॅटायटिस बी. मदत हवी आहे

अनेरकाठ

नमस्कार मंडळी. माझी मोठी बहीण, वय ४६. माहेर चोपड्याकडचं, सासर अमळनेर तालुक्यात. अखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी आली तेव्हा डाव्या स्तनातली गाठ तिने माझ्या बायकोला दाखवली. कापूस वेचणीपासून हाताला लागत होती म्हणाली. एवढे महिने कुणाला बोलली नव्हती.

जूनमध्ये ऑपरेशन झालं. काखेतल्या दोन गाठींत कॅन्सर निघाला. ईआर पॉझिटिव्ह म्हणजे हार्मोनवर वाढणारा, आणि हर-टू नावाच्या प्रोटीनची तपासणी निगेटिव्ह. दर २१ दिवसांनी एक अशा चार लाल केमो (लाल रंगाच्या औषधाच्या) आणि नंतर दर आठवड्याला पॅक्लिटॅक्सेल हे केमोचं दुसरं औषध, बारा वेळा, असं ठरलं. महात्मा फुले योजनेत बसलं, त्यामुळे पैशाचा मोठा प्रश्न आला नाही.

ऑपरेशनआधीच्या रक्तात एचबीएसएजी, म्हणजे हिपॅटायटिस बी ची तपासणी, पॉझिटिव्ह आलं. फाइलवर लाल शाईने ठळक लिहिलं गेलं, ऑपरेशनच्या यादीत तिचा नंबर शेवटी गेला. पण याचा अर्थ काय हे आम्हाला बसवून कुणी सांगितलं नाही. केमोच्या आठवडाभर आधी एन्टेकाव्हिर ०.५ ची रोज एक गोळी सुरू झाली. 'लिव्हरसाठी आहे' एवढंच आम्हाला कळलं.

दुसऱ्या केमोच्या वेळी एसजीपीटी, म्हणजे लिव्हरला किती इजा आहे ते सांगणारी रक्ताची तपासणी, ३१ म्हणजे ठीक होता. त्याच सुमारास गोळ्या संपल्या. आक्का फोनवर म्हणाली, "लिवर चांगलं शे ना भाऊ, मंग गोया कसाले?" मी म्हणालो, पुढच्या खेपेला डॉक्टरांना विचारू. तिसऱ्या केमोला गर्दी होती, आम्हाला परतीची बस गाठायची होती, विचारायचं राहून गेलं. चौथीच्या आधी एसजीपीटी ४१२ आणि बिलिरुबिन (काविळीचा आकडा) २.१, दोन्ही वाढलेले. केमो पुढे ढकलली. गोळी पुन्हा चालू केली आहे, व्हायरल लोडचं (रक्तात विषाणू किती आहे त्याचं) रक्त पाठवलं आहे. आज चौदावा दिवस. डॉक्टर म्हणतात थांबावंच लागेल. ती चूक माझी आहे आणि मला रात्रीची झोप येत नाही.

मला विचारायचं आहे ते हे. केमोत असा खंड पडला तर कॅन्सर परत येण्याची शक्यता वाढते का? हा विषाणू अंगात असलेल्या बाईचा कॅन्सर मुळातच लवकर बरा होत नाही का? गावातले लोक कावीळ उतरवून घ्या, मुळीचा रस द्या म्हणून मागे लागले आहेत, तोवर काय हरकत आहे असं घरातही वाटू लागलं आहे.

आणखी एक. कानबाईच्या सणाला रोटांच्या जेवणाला सगळी भाऊबंदकी एका पंगतीला बसली आणि आक्काचं ताट पडवीत वेगळं ठेवलं. हा रोग बाईला कसा लागतो ते आम्हाला ठाऊक आहे, असंही सासूबाई शेजारणीजवळ बोलल्या. मेव्हणे गप्प. आक्काने मला एवढंच विचारलं, "मन्हं काय चुकनं रे भाऊ?" मला उत्तर देता आलं नाही.

केळीपट्टा

मुळीचा रस अजिबात नको. माझ्या चुलत्यांना असाच दिला होता, आठ दिवसांत लिव्हर आणखी बिघडलं. एकदा टाटाला परळला कागद दाखवता आले तर दाखवा. कॅन्सरच्या रुग्णाला आणि सोबतच्या माणसाला रेल्वे तिकिटात सवलत आहे, त्याचा फॉर्म हॉस्पिटलातूनच भरून मिळतो.

पांझरा_सिस्टर

दादा, मी धुळ्याची, केमोच्या वॉर्डात बरीच वर्षं काम केलं आहे. डॉक्टर नाही, तेव्हा निर्णय तुमच्या डॉक्टरांचाच. पण जे तुम्हाला आधीच कुणीतरी सांगायला हवं होतं ते सांगते.

हिपॅटायटिस बी चा विषाणू लिव्हरच्या पेशींत वर्षानुवर्षं झोपून राहतो. शरीराची प्रतिकारशक्ती त्याला दाबून ठेवते. लाल केमो ही शक्ती खाली आणते, आणि उलटी होऊ नये म्हणून देतात ते डेक्सामेथासोन स्टिरॉइड असतं, तेही विषाणूला वाढायला मदतच करतं. मग दोन केमोंच्या मधल्या दिवसांत प्रतिकारशक्ती सावरू लागली की ती विषाणू भरलेल्या लिव्हरच्या पेशींवरच तुटून पडते. एसजीपीटी वाढतो तो तेव्हा. म्हणून दुसऱ्या केमोला ३१ आणि चौथीला ४१२ हे जमतं. ३१ आला तो गोळी काम करत होती म्हणून. गोळी लिव्हर सुधारण्यासाठी नव्हतीच, विषाणू झोपलेला राहावा यासाठी होती.

२००३ साली हाँगकाँगच्या डॉक्टरांनी स्तनाच्या कॅन्सरच्या ४१ एचबीएसएजी पॉझिटिव्ह रुग्णांचा अभ्यास छापला होता. आधीपासून गोळी देण्याची पद्धत तेव्हा रुळलेली नव्हती. ४१ पैकी १७ जणांत केमोच्या काळात विषाणू जागा झाला, आणि ज्यांच्यात जागा झाला त्यांतल्या बहुतेकांची केमो लांबली किंवा मध्येच सोडावी लागली. तुमच्या पहिल्या दोन प्रश्नांचं उत्तर यातच आहे. आक्कांचा कॅन्सर कसा वागेल हे मुख्यतः त्याचा टप्पा, काखेतल्या गाठी, ईआर आणि हर-टू यांवर ठरतं. विषाणू घात करतो तो वेळापत्रकाचा. केमो लांबते, बिलिरुबिन वाढलं की लाल औषधाचा डोस कमी करावा लागतो कारण ते लिव्हरमधूनच बाहेर पडतं, आणि क्वचित लिव्हर इतकं बिघडतं की जिवावर बेतं. गोळी नियमित चालू ठेवून पूर्ण केमो वेळेत घेतलेल्या बायका मी पुष्कळ पाहिल्या आहेत. एक केमो काही आठवडे लांबली म्हणजे सगळं हातातून गेलं असं समजू नका.

आता करायचं ते. डॉक्टरांना विचारून आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ती तपासणी) करून घ्या, लिव्हर किती थकलं आहे ते एसजीपीटीपेक्षा बिलिरुबिन आणि आयएनआर जास्त सांगतात. एसजीपीटी केमोनेही वाढतो, झाडपाल्यानेही वाढतो, म्हणून व्हायरल लोडचा आकडा आल्याशिवाय दोष विषाणूलाच आहे असं धरू नका. पॅरासिटामॉलसुद्धा विचारल्याशिवाय नको. पोटाच्या तज्ज्ञांना एकदा दाखवा, म्हणजे कॅन्सरचे डॉक्टर आणि ते मिळून तारीख ठरवतील. एन्टेकाव्हिर अनशापोटी घ्यायची, जेवणानंतर दोन तासांनी आणि पुढच्या जेवणाआधी दोन तास. आमच्याकडे बायका झोपताना घेतात, ते सोपं पडतं. केमो संपली तरी गोळी निदान वर्षभर चालू राहते, कधी त्याहून जास्त. मनाने बंद केली तर त्यानेच पुन्हा उसळी येते.

गोळ्या संपण्याची अडचण असेल तर राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात, २०१८ पासून, तपासणी आणि औषध मोफत आहे. जळगावच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात चौकशी करा.

आणि ताटाचं. हा आजार ताटाने, पाण्याच्या तांब्याने, शेजारी बसल्याने पसरत नाही. रक्ताने, शरीरसंबंधाने आणि आईकडून बाळाला पसरतो. ब्लेड, टूथब्रश, नेलकटर वेगळं ठेवलं की पुरे. मेव्हण्यांची आणि मुलांची तपासणी करा, निगेटिव्ह असतील तर लस द्या. तीन डोस, पहिला आज, दुसरा महिन्याने, तिसरा सहा महिन्यांनी.

एक विचारते, राग मानू नका. तुमची आई कशाने गेली?

अनेरकाठ

सिस्टर, मी आई नसल्याचं लिहिलं नव्हतं, तरी तुम्ही ओळखलंत. २००९ ला गेली. पोटात पाणी झालं होतं. दारूचा थेंब तिच्या तोंडाला कधी लागला नव्हता. गावात सगळे कावीळच म्हणत होते. तेव्हा कुठली तपासणी झाली ते आठवत नाही, कागद नाहीत.

तापीमाय_६३

मी भुसावळची. मला दोन्ही होतं. आक्कांना सांगा की माझ्या केमो संपून पाच वर्षं झाली आणि मी अजून रोज गोळी घेते, टेनोफोव्हिरची, याच विषाणूवरची. पुढे लेट्रोझोल ही कॅन्सरसाठीची हार्मोनची गोळी सुरू झाली तेव्हा हाडांची तपासणी करून गोळीचा प्रकार बदलला, कारण दोन्हींचा भार हाडांवर येतो. तुमच्या आक्कांचीही हार्मोनची गोळी ठरेल त्या दिवशी हा विषय तुम्हीच काढा, डॉक्टरांच्या घाईत राहून जातो. माझी केमो एकदा तीन आठवडे थांबली होती. त्या तीन आठवड्यांत मी जेवढी घाबरले तेवढी ऑपरेशनलाही घाबरले नव्हते. त्यांच्याजवळ कुणीतरी बसून राहा.

पांझरा_सिस्टर

दादा, म्हणूनच विचारलं. मोठेपणी लागण झाली तर शंभरातल्या पाचांहूनही कमी लोकांत हा विषाणू कायमचा राहतो. बाळपणी लागण झाली तर बहुतेकांत राहतो. ४६ वर्षांच्या बाईत झोपलेला सापडतो तेव्हा तो बहुतेक वेळा बाळंतपणात किंवा अगदी लहानपणी आलेला असतो. आक्कांच्या सासरी हे समजेल अशा शब्दांत सांगा. आणि तुम्ही भावंडंही तपासून घ्या. सगळी.

अनेरकाठ

दहा दिवसांनी लिहितो आहे. व्हायरल लोड दोन कोटींच्या वर आला. पण गोळीने उतार पडला आहे. एसजीपीटी १३८, बिलिरुबिन १.१, आयएनआर ठीक. पोटाच्या डॉक्टरांनी कागद पाहिले, दोघे फोनवर बोलले. आकडे असेच उतरत राहिले तर पुढच्या गुरुवारी चौथी केमो. मुळीचा रस कुणीही दिलेला नाही. मेव्हणे आणि दोन्ही भाचे निगेटिव्ह आहेत, लसीचा पहिला डोस झाला.

आम्ही दोघा भावांनी जळगावला रक्त दिलं. धाकटा निगेटिव्ह. माझा एचबीएसएजी पॉझिटिव्ह.

परवा तो रिपोर्ट घेऊन आक्काच्या घरी गेलो. सासूबाईंच्या हातात दिला आणि म्हणालो, हे आमच्या माहेरचं आहे, आईच्या पोटातूनच आलेलं असणार, माझ्याही अंगात आहे, आता माझंही ताट पडवीत मांडा. त्या काही बोलल्या नाहीत. संध्याकाळी आक्काला आणि मला आत बसवून भाकरी आणि भरीत वाढलं, आक्का पोटभर जेवली.

सिस्टर, माझी मुलं २०१३ आणि २०१६ ची आहेत, लसीचं कार्ड आहे. बायकोला मात्र लस कधी मिळालेली नाही, तिचं रक्त उद्या देतो. माझ्या व्हायरल लोडचं रक्त अनशापोटी द्यायचं असतं का? सकाळच्या पहिल्या बसने निघतो आहे.